नेटवर्कवर चालणाऱ्या संरक्षण यंत्रणांची रिस्क कशी सांभाळायची: डब्यांपेक्षा सांधे तपासा

रडार एका डोंगरावर, मिसाईल लाँचर तिथून लांब कुठेतरी, वर आकाशात लांबवरचं बघणारं मोठं रडार घेऊन उडणारं अ‍ॅवॅक्सचं विमान, कमांडर तिसऱ्याच ठिकाणी स्क्रीनसमोर, आणि हे सगळे एकमेकांना सतत डेटा पाठवतायत. आजचं मोठं एअर डिफेन्स साधारण असंच असतं. आता यातली रिस्क मॅनेज करायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी काय होतं, तर एकेक उपकरण, म्हणजे एकेक डबा, घेतात, फॉर्म भरतात, टेस्ट होते, पास झालं की पुढचं. रडार पास, रेडिओ पास, सॉफ्टवेअर पास. आणि घात होतो तो दोन पास झालेल्या वस्तूंच्या मधल्या जागेत, तिलाच मी सांधा म्हणतो. मोठ्या दुर्घटनांचे चौकशी अहवाल एकामागून एक वाचत गेलं की हेच परत परत दिसतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतोय, ज्याला अशा यंत्रणेवर काम करायचंय किंवा शिकायचंय त्याला सरळ वापरता येईल असं.

आधी एकच घटना नीट बघा. १४ एप्रिल १९९४, उत्तर इराकचा नो-फ्लाय झोन, म्हणजे इराकी विमानांना उडायला बंदी असलेला भाग. अमेरिकेच्या दोन एफ-१५ लढाऊ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली, २६ माणसं गेली. वर अ‍ॅवॅक्स होतं, कोण कुठे आहे ते सांगणं हेच त्याचं काम. हेलिकॉप्टरांचा आयएफएफ, म्हणजे विचारल्यावर 'मी आपलाच' असं उत्तर देणारी यंत्रणा, चालू होती, पण त्यात झोनच्या बाहेरचा कोड लावलेला होता, आत गेल्यावर वेगळा कोड लावायचा असतो हे हेलिकॉप्टरवाल्यांपर्यंत पोचलंच नव्हतं. एफ-१५ वर सतत फ्रीक्वेन्सी बदलणारे रेडिओ, हेलिकॉप्टरवरचे रेडिओ त्यांच्याशी जुळत नव्हते, म्हणजे एकमेकांचं बोलणं ऐकूच येणार नाही. अ‍ॅवॅक्समध्ये झोनबाहेरची विमानं सांभाळणारा कंट्रोलर वेगळा आणि आतली सांभाळणारा वेगळा, हेलिकॉप्टरं आत शिरली तरी बाहेरच्याच फ्रीक्वेन्सीवर राहिली, मग ती नक्की कोणाची? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, अगदी तसं झालं. पायलटनी जवळून जाऊन डोळ्यांनी बघितलं तरी त्यांना ती इराकी वाटली. रेडिओ आणि कोड आपापल्या जागी जसे बनवले आणि सेट केले तसेच चालत होते, तुटलेले होते ते सांधे.

सांध्यांचा नकाशा काढा

पहिलं काम हेच, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रेझेंटेशनमध्ये असतात तसे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या विजेच्या आकाराच्या रेघा, ते चित्र उपयोगाचं नाही. प्रत्येक रेघेवर लिहायचं की यातून काय जातं, किती वेळाने जातं, किती जुनं झालं की ते वापरायचं नाही, बंद पडलं तर सगळ्यात आधी कोणाला कळेल, आणि घेणारा काय गृहीत धरून बसलाय. हे शेवटचं लोक लिहीतच नाहीत आणि खरी रिस्क तिथेच असते. समजा रडारकडून फायर कंट्रोलला, म्हणजे मिसाईल कुठे मारायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेला, टार्गेटची जागा जाते. पाठवणारा उंची समुद्रसपाटीपासून मोजतो आणि घेणारा जमिनीपासून समजतो, तर दोन्हीकडची टेस्ट पास होणार आणि जोडल्यावर मिसाईल चुकणार. म्हणून दोन्ही टीमना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारा की ही रेघ म्हणजे तुमच्या मते काय, आणि उत्तरं शेजारी ठेवून बघा, जुळत नाहीत ती ठिकाणं आधी धरा.

रेघा फक्त डेटा लिंकच्या नसतात हेही लक्षात ठेवा. तोंडी बोलणं, फोन, मेंटेनन्सवाल्याचा लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, वीज, घड्याळाचा सिग्नल, भाड्याने घेतलेला सॅटेलाईट, सगळं काढा. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर रशियाचा हल्ला सुरू झाला त्याच पहाटे व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या सॅटेलाईट इंटरनेट नेटवर्कवर सायबर हल्ला झाला, हजारो मॉडेम निकामी झाले, आणि मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचं रिमोट मॉनिटरिंग बंद पडलं. पवनचक्क्यांचा त्या युद्धाशी काय संबंध? नेटवर्क एकच होतं एवढाच. तुमच्या नकाशातही अशी एखादी रेघ असते जी कोणी काढलेली नाही कारण ती 'आपल्या' हद्दीत येत नाही.

काय होऊ द्यायचं नाही ते आधी लिहा

धोक्यांची यादी करायला बसलात तर ती संपत नाही. उलटीकडून या. कुठले परिणाम कधीच होऊ द्यायचे नाहीत ते चार-पाच ओळीत लिहा: आपलंच विमान पाडणं, नागरी विमान पाडणं, खरा हल्ला येत असताना गप्प बसणं, खोट्या इशाऱ्यावर फायर करणं, गुप्त माहिती बाहेर जाणं. मग प्रत्येकासाठी मागे मागे जा की कुठल्या सांध्यावर काय चुकलं तर हे होईल. एमआयटीच्या नॅन्सी लेव्हसन यांनी याचीच एक पद्धत बसवलीय, एसटीपीए म्हणतात तिला, त्यात यंत्र बिघडण्यापेक्षा चुकीच्या वेळी दिलेली किंवा न दिलेली कमांड जास्त महत्त्वाची धरतात. नेटवर्कवाल्या यंत्रणेसाठी मला ती सगळ्यात कामाची वाटते.

यातले काही परिणाम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. फायर करायला परवानग्या वाढवल्या की आपलं विमान वाचतं पण समोरून येणारं मिसाईल सुटतं. म्हणून दोन्ही एकाच कागदावर लिहा, वेगळ्या कमिट्यांना वेगळे कागद दिले की प्रत्येक जण आपली बाजू घट्ट करतो आणि मधल्या माणसाला, म्हणजे स्क्रीनसमोर बसलेल्या ऑपरेटरला, दोन्ही नियम पाळणं अशक्य होऊन बसतं.

आता रिस्क मोजायला सगळीकडे वापरतात ते लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींचं टेबल. अमेरिकी सैन्याच्या सुरक्षेच्या मिल-स्टँडर्ड-८८२ई या मानकामध्ये परिणामाच्या ४ पातळ्या आहेत आणि शक्यतेच्या वेगळ्या, दोन्ही जुळवून रिस्क ठरते. हार्डवेअरसाठी ठीक आहे, पंप किती तासांनी बंद पडतो याचा अनुभव असतो. पण सॉफ्टवेअरमधली चूक आहे तर आहे, तिची 'शक्यता' काय लिहिणार, आणि शत्रू तर फासे टाकत नाही, तो मुद्दाम तुमची सगळ्यात कमजोर जागा शोधून तिथेच येतो. त्या स्टँडर्डमध्येही सॉफ्टवेअरसाठी वेगळा विचार आहे, त्या सॉफ्टवेअरच्या हातात कंट्रोल किती आहे ते बघायचं. स्वतःच फायर करतं, की माणसाला सुचवतं, की नुसतं दाखवतं? आणि माणूस मध्ये असेल तर त्याला विचार करायला खरोखर वेळ मिळतो का? ४ सेकंदात होकार द्यायचा असेल तर तो माणूस कागदावरच मध्ये आहे असं धरा.

घड्याळाकडे बघा

हा भाग लोक सोडून देतात म्हणून जरा खोलात लिहितो. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धाहरान. इराकचं स्कड मिसाईल बराकीवर पडलं, २८ अमेरिकन सैनिक गेले, आणि तिथल्या पेट्रियट बॅटरीने, म्हणजे येणारी मिसाईल हवेतच पाडणाऱ्या यंत्रणेच्या तुकडीने, ते अडवायचा प्रयत्नही केला नाही. कारण काय, तर सिस्टीम वेळ मोजायची सेकंदाच्या दहाव्या भागात, आणि ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण लिहिताच येत नाही, आपला एक-तृतीयांश दशांशात लिहिताना जसा संपत नाही तसाच. रजिस्टर २४ बिटचं, पुढचं कापलं जायचं. प्रत्येक दहाव्या भागाला साधारण ०.०००००००९५ सेकंदाची चूक. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण बॅटरी १०० तास सलग चालू होती, म्हणजे ३६ लाख टिक, गुणून बघा, साधारण ०.३४ सेकंद होतात. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येतं, तेव्हा सिस्टीम ज्या जागी बघत होती ती खऱ्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त लांब. तिथे काहीच दिसलं नाही, सिस्टीमने टार्गेट नाही असं धरलं.

आणि हे माहीत होतं. इस्रायलने ११ फेब्रुवारीलाच कळवलं होतं की ८ तास सलग चालवलं की फरक दिसायला लागतो. २१ तारखेला युनिटना मेसेज गेला की 'खूप जास्त वेळ' चालवलं तर अडचण येऊ शकते, पण खूप म्हणजे किती तास ते लिहिलंच नव्हतं. अमेरिकी सरकारी ऑडिटचा हिशोब सांगतो की २० तासांच्या आसपासच टार्गेट हातातून निसटायला लागतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला, मिसाईल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. रीस्टार्ट केलं असतं तरी घड्याळ परत शून्यावर आलं असतं. तो मेसेज लिहिणाऱ्याने '८ तासांनी रीस्टार्ट करा' एवढे शब्द लिहिले असते तर, हे मला दर वेळी वाचताना टोचतं.

तेव्हा करायचं काय: प्रत्येक मेसेजवर वेळेचा शिक्का हवा, तो शिक्का कुठल्या घड्याळाचा ते ठरलेलं हवं, दोन युनिटच्या घड्याळात जास्तीत जास्त किती फरक चालेल तो आकडा लिहिलेला हवा आणि त्यापुढे गेलं की सिस्टीमने ओरडायला हवं. स्क्रीनवर जुना झालेला ट्रॅक, म्हणजे एखाद्या विमानाचा माग, ताज्यासारखाच दिसत असेल तर ते डिझाईन परत पाठवा. जीपीएस जॅम होणार हे धरूनच चाला, आणि जॅमपेक्षा वाईट म्हणजे स्पूफिंग, त्यात जीपीएस बंद पडत नाही, चुकीची वेळ आणि जागा आत्मविश्वासाने सांगत राहतं. लिंक-१६ सारख्या सैन्याच्या डेटा लिंकमध्ये प्रत्येकाला बोलायला ७.८१२५ मिलिसेकंदाचा स्लॉट मिळतो, म्हणजे वेळ हाच तिचा पाया आहे. जीपीएसशिवाय तुमचं नेटवर्क किती तास एका तालात राहतं हे मोजून ठेवा, ब्रोशरमधला आकडा घेऊ नका. आणि युनिटला जाणाऱ्या कुठल्याही सूचनेत 'जास्त', 'लवकर', 'शक्यतो' हे शब्द दिसले की लाल पेन काढा, तिथे आकडा हवा.

उत्तर आलं नाही म्हणजे शत्रू नव्हे

आयएफएफबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ते फक्त 'आपला' एवढंच सांगू शकतं. उत्तर आलं नाही याचा अर्थ शत्रू, किंवा कोड चुकला, किंवा यंत्र बंद, किंवा प्रवासी विमान, किंवा आपलाच माणूस गडबडीत स्विच विसरला. २३ मार्च २००३ ला पेट्रियटनेच ब्रिटनचं टॉर्नेडो विमान पाडलं, विमानातले दोघेही गेले, त्यांचं आयएफएफ उत्तर देत नव्हतं आणि सिस्टीमने ते विमान रडारचा माग काढून येणारं मिसाईल समजलं. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामला आपल्या हवाई दलाच्या मिसाईलने आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं, हवाई दलाचे ६ जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. हवाई दलप्रमुखांनी नंतर ती मोठी चूक होती हे जाहीरपणे मान्य केलं.

ट्रॅक नंबरचंही, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक विमानाला दिलेल्या क्रमांकाचंही, तसंच. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या विन्सेन्स जहाजाने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० जण गेले. विमान वर चढत होतं, जहाजाच्या रेकॉर्डमध्येही ते चढतानाच नोंदलं गेलंय, पण कंट्रोल रूममध्ये ते खाली झेपावतंय असं सांगितलं जात होतं. त्या विमानाला दोन जहाजांनी वेगवेगळे नंबर दिले होते, सिस्टीमने एक ठेवला, आणि सुटलेला नंबर लांबच्या दुसऱ्याच विमानाला लागला. माणूस जुना नंबर विचारतो आणि त्याला दुसऱ्याच विमानाची माहिती मिळते. म्हणून सोडलेला नंबर ठरावीक वेळ परत वापरायचा नाही असा नियम सिस्टीममध्येच घाला, आणि नंबर बदलला तर तो स्क्रीनवर आणि आवाजाने, दोन्ही मार्गांनी कळू दे.

लिंक तुटल्यावर काय, हे आधीच ठरवा

ती टॉर्नेडो पाडणारी बॅटरी एकटी होती, तिची स्वतःची कम्युनिकेशनची सामग्री अजून यायची होती, मोठं चित्र तिला दिसतच नव्हतं. नेटवर्क गेल्यावर युनिटने काय करायचं हे त्या क्षणी ठरवता येत नाही. प्रत्येक युनिटसाठी लिहून ठेवा: लिंक जाऊन ३० सेकंद झाली तर काय, ५ मिनिटं झाली तर काय, एक तास झाला तर काय. हे आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुम्ही काढा. एकट्या पडलेल्या युनिटला स्वतःवर हल्ला होत असेल तरच फायर, की दिलेल्या भागात कोणावरही? ऑटोमॅटिक मोड आपोआप बंद व्हायला हवा की चालू राहायला? जवळपास नागरी वाहतूक असेल तर उत्तर बदलतं का? माझं मत स्पष्ट आहे: माहिती कमी झाली की अधिकारही कमी व्हायला हवा, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान उलटं का चालेल ते सही करून लिहावं.

एका कोपऱ्यातली चूक सगळीकडे पसरू नये याचीही सोय हवी. सप्टेंबर १९९७ ला अमेरिकेचं यॉर्कटाऊन जहाज समुद्रात पावणेतीन तासांच्या आसपास बंद पडलं, कारण कोणीतरी डेटाबेसमध्ये शून्य टाकलं, शून्याने भागाकार झाला आणि नेटवर्क कोसळलं, त्याबरोबर इंजिनांचा कंट्रोलही. इंजिन, वीज, आग विझवणं या गोष्टी नेटवर्कशिवाय हाताने चालवता आल्याच पाहिजेत, आणि चालवणारा माणूस जागेवर असला पाहिजे.

सायबर

यावर लिहिलेलं भरपूर मिळतं, म्हणून सगळ्यात जास्त चुकणाऱ्या जागाच सांगतो. २००८ ला मध्यपूर्वेतल्या एका तळावर लॅपटॉपला लावलेल्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस अमेरिकी सैन्याच्या गुप्त नेटवर्कपर्यंत गेला. 'आमचं इंटरनेटला जोडलेलंच नाही' हे वाक्य ऐकलं की विचारा, मग अपडेट कसा जातो? माणूस घेऊन जातो, म्हणजे तोच सांधा. डेटा फक्त एकाच दिशेला जायला हवा असेल तर डेटा डायोड, म्हणजे उलट दिशेने काहीच जाऊ न देणारं उपकरण, लावा, नियमावर विसंबू नका.

अमेरिकेच्या जीएओ या ऑडिट संस्थेचा ऑक्टोबर २०१८ चा शस्त्रप्रणालींवरचा अहवाल या कामातल्या प्रत्येकाने वाचावा. टेस्ट टीमने एका ठिकाणी अ‍ॅडमिनचा पासवर्ड ९ सेकंदात ओळखला. एका सिस्टीममध्ये आधी सापडलेल्या २० चुकांपैकी एकच दुरुस्त झाली होती. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही, की एका ठिकाणी घुसखोरी पकडणाऱ्या यंत्रणेने टेस्ट टीमला बरोबर पकडलं होतं, पण तिचा दिवा कायमच लाल असायचा म्हणून ऑपरेटरनी बघितलंच नाही. लांडगा आला रे आला. आठवड्यातून एकदा अलार्म मोजा, किती आले, किती खरे, आणि जो कायम खोटा वाजतो तो दुरुस्त होईपर्यंत त्याला उघडी चूक म्हणूनच यादीत ठेवा.

अपडेट हाही हल्ल्याचा रस्ता आहे, २०२० च्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात सुमारे १८,००० ग्राहकांनी बिघडवलेला अपडेट विश्वासाने घेतला. आधी सगळी उपकरणं एकमेकांना जोडलेल्या टेस्ट बेडवर, म्हणजे तपासणीसाठीच्या मांडणीवर, चालवा, एकट्या डब्यावर नाही, आणि मागे फिरायचा रस्ता तयार ठेवूनच लावा. पण या भीतीने पॅच थांबवूनही ठेवू नका, धाहरान आठवा.

सरावाचा डेटा आणि खरा डेटा

९ नोव्हेंबर १९७९ ला हवाई हल्ल्याचा इशारा देणाऱ्या अमेरिका-कॅनडाच्या नोराड केंद्राच्या स्क्रीनवर मोठा सोव्हिएत हल्ला दिसला, तो सरावाचा डेटा होता जो खऱ्या सिस्टीममध्ये शिरला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये ४६ सेंटच्या एका चिपने तसाच गोंधळ घातला. लिंक चालू आहे का हे तपासायला पाठवायचे मेसेज खऱ्या इशाऱ्याच्याच आकाराचे होते, फक्त मिसाईलच्या आकड्याच्या जागी शून्य असायचं, आणि बिघडलेल्या चिपने त्या शून्यांच्या जागी २ टाकायला सुरुवात केली. टेस्टचा मेसेज कितीही बिघडला तरी खऱ्यासारखा दिसता कामा नये, हे डिझाईनच्या पहिल्या दिवशी ठरवा. आणि इशारा पक्का धरण्याआधी वेगळ्या तत्त्वावर चालणारा दुसरा सेन्सर हवा. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत सॅटेलाईटने ५ मिसाईल येतायत असं दाखवलं, ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन होतं ते. ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हने खोटा इशारा म्हणून कळवलं, जमिनीवरच्या रडारवर काहीच येत नव्हतं.

मालक आणि सही

प्रत्येक सांध्याला एक मालक, पदाचं नाव लिहून. दोन खात्यांच्या मधला सांधा असेल तर एकच मालक, 'संयुक्त जबाबदारी' लिहिलेलं दिसलं की तो सांधा बेवारस आहे असं समजा. उरलेली रिस्क स्वीकारणारा माणूस तेवढ्या वरच्या पदाचा हवा, मोठी रिस्क प्रोजेक्ट मॅनेजरने परस्पर सही करून टाकायची नाही. आणि सहीला मुदत घाला. नवा रेडिओ आला, व्हर्जन बदललं, शेजारच्या देशाचं युनिट सरावाला जोडलं गेलं, की त्या सांध्याची जुनी सही संपली.

शेवटचं काम सरावात करायचंय. न सांगता एक लिंक तोडा. घड्याळ थोडं पुढे करा. एका ट्रॅकचा नंबर बदला. मग वहीत लिहा: पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं, किती मिनिटांनी, त्याने कोणाला सांगितलं, ज्याला सांगितलं त्याने ऐकलं का, आणि तेवढ्या वेळात युनिटने असं काय केलं जे लिंक असती तर केलं नसतं. ही वही सांध्यांच्या नकाशाशेजारी ठेवा, आणि पुढच्या महिन्यात दुसरी लिंक तोडा.